मागची खिडकी

“सिस्टर, हितून न्हाई घेता येनार,” वॉर्डातली आया मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं खिडकीचं दार अर्धं लोटून घेतलं.

रेबेका सिस्टर हातातली पिशवी पुढे धरून तशीच उभी राहिली. जामखेडजवळच्या या लहानशा दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात तिनं उभी हयात काढली होती. निवृत्त होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. आत तिची एकुलती एक लेक प्रार्थना कळा देत होती आणि पिशवीत एलियाचं जुनं धोतर होतं. एलिया, तिचा नवरा, गेल्या पावसाळ्यात गेला. “नातवंडाला पहिल्यांदा माझ्याच धोतरात घ्यायचं बरं का,” असं तो प्रार्थनाच्या लग्नापासून म्हणत आला होता. तान्ह्याला नवं कापड लावायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाच्या वापरून मऊ झालेल्या कापडात घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

“अगं, मी स्वतः उकळलंय. उन्हात वाळवून इस्त्री केलीये. माझ्या हातावर विश्वास नाही का तुझा?”

“हाय की. पर घरचं कापड मागच्या खिडकीतून आत यायचं, वाफेच्या ड्रममधून जायचं, आन् मंग हितून भायेर. तुमीच घालून दिलंय.”

घालून दिलं होतं खरं. पूर्वी इथं तान्ह्यांच्या बेंब्या चिघळायच्या, काही लेकरं दगावलीही. मग पुण्याहून कामाच्या पद्धती सुधारणारी माणसं आली. कापड कुठून येतं, कुठं पडतं, कुणाच्या हातातून जातं, हे त्यांनी दिवसचे दिवस निरखलं. सगळा घोळ एका खिडकीत सापडला. मळकं आणि स्वच्छ एकाच वाटेनं ये-जा करत होतं. त्यांनी मागच्या भिंतीला दुसरी खिडकी पाडून घेतली, फरशीवर रंगीत बाण काढले, भिंतीवर तक्ते चिकटवले, सगळ्यांसोबत फोटो काढले आणि गेले. बेंब्या चिघळायच्या थांबल्या. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तक्ते सोलपटून पडले आणि बाण झाडणाऱ्या बायांनी घासून घासून घालवले. उरली ती एकटी रेबेका सिस्टर. कुणी घाईत असायचं, कुणी ओळखीचं निघायचं, कुणाची सासू रडायला लागायची. ‘आजच्या दिवस’ म्हणत जो तो पुढच्याच खिडकीशी यायचा. तिनं कुणाचं म्हणून ऐकलं नाही. लोक तिला पाठीमागं दगडाच्या काळजाची म्हणायचे, आणि ते तिच्या कानावर आल्याशिवाय राहायचं नाही.

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ देता देता सगळे हेच म्हणाले, की आता सिस्टर चालल्या, खिडकीचंही संपलं. धास्ती तिलाही तीच होती. घरी बसून निवडण-टिपण करताना तिचा जीव मागच्या भिंतीत अडकलेला असायचा.

आणि आज दार लोटलं गेलं ते तिच्याच तोंडावर. तिच्या मनात नको ते आलं. मुक्ताबाईची सून इथंच बाळंत झाली होती. मुक्ताबाईनं तेव्हा आपल्या मेलेल्या सासूचं लुगडं आणलं होतं, आणि ही आपली रोजची बाई हे ठाऊक असूनही रेबेकानं तिला याच खिडकीवरून परतवलं होतं. पुढे कितीतरी दिवस मुक्ताबाई तिच्याशी धड बोलली नव्हती.

“उट्टं काढतेस का गं माझ्यावर?”

“तसं म्हनू नका, सिस्टर.” मुक्ताबाईचे डोळे भरून आले. “तवा मी मनातल्या मनात लई शिव्या दिल्त्या तुमाला. पर नातू माझा आज उड्या मारतोय. आता तुमचं घेतलं, तर उद्या दुसरीला कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू?”

रेबेकाला तिचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं, आधी बारीक, मग खणखणीत. मुक्ताबाई आत धावली आणि लगेच परत आली.

“मुलगी हाय. दोघीबी झ्याक हायेत.”

अर्ध्या दारातून रेबेकाला नात दिसली. दवाखान्याच्या पांढऱ्या, कुणाच्याच नसलेल्या कापडात गुंडाळलेली. एलियाचा शब्द राहिला तो राहिलाच.

“एवढं एकच मागितलं होतं गं त्यांनी,” ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

मुक्ताबाई रडत होती, पण दारावरचा हात तिनं काढला नाही.

रेबेका वळली. इमारतीला वळसा घालून मागं गेली. तिथं कडुनिंबाखाली बोचकी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. ती सवयीनं सरळ खिडकीकडे निघाली.

“ओ मावशी, लाईन हाय हितं,” एक अनोळखी बाई म्हणाली.

“हो, चुकलं माझं,” म्हणत ती शेवटी जाऊन उभी राहिली.

पाळी आल्यावर तिनं धोतर पिशवीतून काढलं, एकदा गालाला लावलं आणि लुगड्या-टॉवेलांच्या ढिगावर ठेवलं. आतून दोन हात आले आणि सगळा ढीग एकदमच उचलून घेऊन गेले. ड्रमला वेळ लागतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. रिकाम्या पिशवीची घडी करून ती पुढच्या खिडकीसमोरच्या बाकावर, इतर आज्यांच्या शेजारी जाऊन बसली.