पाठीमागची तिसरी

शरदचंद्र धैर्यवानांच्या घरी गिटार आधी ऐकायची आणि मगच बघायची, असा शिरस्ता होता, आणि तो मोडायची मुभा ते कुणालाच देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. फणसवाडीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात भिंतीला तोंड करून एक स्टूल मांडलेलं असे. त्यावर बसायचं, मांडीवर कागद-पेन्सिल घ्यायची, डोळे मिटायचे, आणि मागे दुसऱ्या कुणी तरी एकामागून एक वाद्यं वाजवायची. "डोळा भारी लबाड असतो हो," ते म्हणत. "रंग बघतो, नाव बघतो, आणि कानाला बोलूच देत नाही." आयुष्य सॉलिसिटरच्या पेढीत काढलेला हा सत्तरीचा गृहस्थ परदेशातून मोजकीच वाद्यं आणवायचा, आणि ती देताना मुलीचं स्थळ बघावं तशी माणसाची पारख करायचा.

तर अशा त्या स्टुलावर हितेंद्र बसला होता. वय एकावन्न, लालबागचा, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून बोटांना घट्टे पडलेला. विशीत एका पाहुण्या वादकाच्या हातात त्यानं पहिल्यांदा आर्चटॉप पाहिली होती, व्हायोलिनसारखं पोट कोरून फुगीर केलेली, मधोमध गोल भोकाऐवजी दोन बाजूंना दोन नागमोडी फटी असलेली. आणि तेव्हापासून ती जी डोक्यात बसली ती बसलीच. लग्न झालं, मुलगी शिकून बंगलोरला गेली, चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तरी हा आपला तिच्याच नावानं उसासे टाकतोय! शेवटी बायकोच म्हणाली, "घे रे बाबा एकदाची, नाहीतर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटशील." म्हणून तो आला होता, आणि वाजवायला सोबत वैभवला घेऊन आला होता. वैभव त्याच ऑर्केस्ट्रातला, वयानं दहा वर्षांनी लहान, हात स्वच्छ, माणूस सरळ.

वैभवनं ठरल्याप्रमाणे प्रत्येक गिटारीवर तेच वाजवलं, आधी सुटे सूर, मग चार कॉर्ड, मग एक संथ धून. पहिली खणखणीत होती, जरा जास्तच. दुसरी गोड होती, पण खालच्या तारांना दम नव्हता. हितेंद्रनं कागदावर दोन ओळी खरडल्या, आणि तेवढ्यात तिसरी सुरू झाली.

आता हे कसं सांगावं? सूर उमटायच्या आधी लाकूड श्वास घेतंय असं त्याला वाटलं. एकेक सूर येत होता तो पुरता येत होता, आणि जायची घाई करत नव्हता. वैभवचा हात इतका मऊ कधी झाला, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला खरा, पण चांगलं वाद्य वाजवणाऱ्यालाही चांगलं करतं, हे त्याला ठाऊक होतं. धून संपली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि कागदावर त्यानं काहीही लिहिलं नव्हतं.

"झालं," मागून वैभव म्हणाला.

"तिसरी," हितेंद्र म्हणाला आणि वळला. "दुसरं काही बघायचंच नाही. तिसरी."

वैभव हातातली गिटार स्टँडवर ठेवत होता. शेजारच्या स्टँडवर पहिली होती, मधाच्या रंगाची. धैर्यवान आरामखुर्चीत होते. तिसरा स्टँड खोलीत नव्हता.

"दादा, दोनच आहेत," वैभव हसत म्हणाला. "काय राव, सकाळीच?"

धैर्यवान हसले नाहीत. "दोनच आणवल्यात मी," एवढंच बोलून ते त्याच्याकडे बघत राहिले.

हितेंद्रही मग हसला, मस्करी केली म्हणाला, पुन्हा येतो म्हणाला, आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरला.

त्याच्या भीतीला कारण होतं. त्याचे वडील, कुशाबा अप्पा, गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते. गिरणी बंद पडून तेरा वर्षं झाल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका दुपारी जेवताजेवता त्यांनी मान वर केली आणि आईला ओरडून सांगितलं, "मोठ्यान बोल गो, साचे चालू आसत!" घरात पंख्याचासुद्धा आवाज नव्हता. आधी सगळे हसले. मग साचे रोज चालू होऊ लागले, मग थांबेनात, आणि दोन वर्षांत त्या खडखडाटापुढे अप्पांना माणसाचं बोलणंच ऐकू येईना. आई त्यांच्या तोंडासमोर बसून रडायची आणि ते तिला हातानं विचारायचे, काय म्हणतेस? कान अगदी ठणठणीत होते, डॉक्टरांनी तीनदा तपासले होते. आईचा आवाज पुन्हा एकदाही न ऐकता ते गेले.

हे सगळं हितेंद्रनं मेघनाला लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "नसलेलं काही ऐकू आलं, तर त्याच दिवशी पहिल्यांदा मला सांगायचं. बाकी मी बघून घेईन." आणि आता ते ऐकू आलं होतं, तर हा गडी मूग गिळून बसला. घरी जाऊन म्हणाला, आवडल्या नाहीत गं, बघू पुढे.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा वैभवला घेऊन गेला, आणि या वेळी मांडीवर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली झाली, दुसरी झाली. तो वाट बघू लागला, आणि मनातल्या मनात आई भराडीदेवीला साकडं घालू लागला की नको, नको वाजू देऊस. तिसरी वाजली. पूर्ण वाजली. वाईट याचंच वाटलं की ती थांबली तेव्हा त्याच्या जिवाला हुरहूर लागली.

घरी बेडरूमचं दार लावून त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिली होती, दुसरी होती, दुसरीचा शेवटचा सूर विरला आणि लगेच, श्वासभरही न थांबता, वैभवचं "झालं" आलं. तो तीन मिनिटं ज्यात न्हाऊन निघाला होता, त्याला तिथे बोट ठेवण्याएवढीसुद्धा जागा नव्हती. त्यानं ते चौदा वेळा ऐकलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुकरची शिट्टी झाली की तो मेघनाच्या चेहऱ्याकडे बघायचा, तिनं ऐकली का ते पडताळायला. लिफ्ट थांबली, दाराची बेल वाजली, की आधी तिच्याकडे नजर. ती भायखळ्याच्या शाळेत गणित शिकवणारी बाई. समोरच्याच्या डोळ्यांतली चोरी तिला तीस वर्षं कळत आलेली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

"काय ऐकू येतंय?"

त्यानं नाही-नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच कोसळलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे. धैर्यवानांकडे फक्त. ज्या आहेत त्यांच्यापेक्षा—"

"थांब!" तिनं हात वर केला. "आकडा सांगू नकोस. किती आहेत आणि तुला किती ऐकू आल्या, यातलं काही मला सांगायचं नाही. उद्या मी येते. तुझ्याबरोबर भिंतीकडे तोंड करून बसते आणि मोजते. माझा आकडा खोलीतल्या आकड्याएवढा आला, तर सोमवारी डॉक्टरकडे. पटलं?" मग तिचा आवाज चिरकला. "आणि मला पहिल्यांदा सांगायचं ठरलं होतं ना रे? तीन आठवडे एकटा कुढत बसलास, मी काय मेले होते?"

शनिवारी दुपारी धैर्यवानांनी दुसरं स्टूल मांडलं. वाद्यं दिसू नयेत म्हणून त्यांनी दाराजवळ चादर धरली, आणि मेघना खाली बघत आत आली. या सगळ्याचं कारण त्यांनी विचारलं नाही. वैभवचा चेहरा मात्र उतरला होता. हितेंद्रनं त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं, आणि दोनच वाजवायच्या, एकही सूर जास्त नको, असं गळ्याची शपथ घालून बजावलं होतं.

दोघं शेजारी शेजारी बसले. मेघनानं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. "नवी गिटार सुरू झाली की दाबीन," ती कुजबुजली. "आता डोळे मीट. बोलायचं नाही."

पहिली सुरू झाली. तिनं हात दाबला. एक.

पहिली संपली. मागे काही तरी सरकलं, वैभव खाकरला, दुसरी सुरू झाली. दोन. हितेंद्रच्या तळव्याला घाम फुटला होता, पण तिनं पकड सैल केली नाही. चार कॉर्ड झाले. धून झाली. शेवटचा सूर लांबत लांबत बारीक होत गेला, आणि तो विरायच्या आधीच, मागे डावीकडून, खिडकीच्या बाजूनं, तिसरीनं पहिला सूर दिला.

तो वाट बघू लागला. मेघनाचा हात तसाच होता. दुसरा सूर आला, तिसरा आला. हात स्वस्थ. संपलं, त्याला वाटलं. म्हणजे मीच. आता सोमवार, मग गोळ्या, मग हीच गिटार रोज वाजू लागेल, जेवताना, झोपताना, आणि एक दिवस ही माझ्यासमोर बसून बोलत असेल आणि मी हातानं विचारीन, काय म्हणतेस? सूर येतच होते, इतके सुंदर की त्याला त्यांचा राग येत होता. कॉर्ड सुरू झाले. पहिला. दुसरा.

मेघनानं हात दाबला.

हलकेच, पण नक्की. तीन.

त्याच्या छातीतून जे काही सुटलं त्यानं तो स्टुलावरच डोलला. ऐकतेय! तीही ऐकतेय! मग त्याला काही नको होतं, ना गिटार, ना खुलासा; ती कुठून वाजते, कोण वाजवतं, खड्ड्यात जाऊ दे सगळं. जगातल्या एका तरी माणसाच्या कानात तेच वाजत होतं जे त्याच्या कानात वाजत होतं, आणि ते माणूस मेघना होती. धून शेवटापर्यंत त्यानं ऐकली, गालांवरून पाणी वाहू देत, तिचा हात धरून.

"झालं," वैभव म्हणाला.

"तीन," मेघना म्हणाली. वर्गात उत्तर सांगावं तशा स्वच्छ आवाजात.

मागे धैर्यवान उठून उभे राहिल्याचा आवाज झाला. "वहिनी," वैभव म्हणाला, "आईशप्पथ, मी दोनच वाजवल्या."

हितेंद्र हसत होता आणि रडत होता. "तीन, मेघना! तीन! मी अप्पांसारखा नाही गं. मला वाटलं होतं तुझा आवाज आता—" त्यानं कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तीही हसत होती, डोळे अजून मिटलेलेच होते.

"वेडा कुठला," ती म्हणाली. "पण तिसरी तू वाजवलीस ना? म्हणून तर दाबायला उशीर झाला मला. हा उठून गेला कधी, याचाच विचार करत बसले."

"मी?"

"मग काय! कॉर्ड बदलायच्या आधी ते अर्धा क्षण थांबणं, आणि करंगळी सरकते तो बारीकसा आवाज. सव्वीस वर्षं घरात ऐकतेय, हजारात ओळखीन. एवढं छान मात्र कधी वाजवलं नव्हतंस."

खाली गल्लीत कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मेघना, मी उठलोच नाही," हितेंद्र म्हणाला. "हा काय, तुझा हात धरून बसलोय. सगळा वेळ."

तिनं डोळे उघडले. मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओल्या गालांकडे, शर्टाच्या कॉलरकडे, मग खाली, आपल्या हातातल्या हाताकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडं थोडं करत गेलं.

"हो," ती सावकाश म्हणाली. "कुणी तरी धरला होता खरा."

"कुणी तरी काय? मीच."

एकेक बोट सोडवत तिनं आपला हात काढून घेतला, पदराला पुसला आणि उठली. हितेंद्रनं तिला दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा चांगली मोठ्यानं. तिनं वळून पाहिलं नाही. त्याच्याकडे पाठ करून ती खिडकीच्या बाजूला दोन पावलं गेली, जिथून तिसरी ऐकू आली होती आणि जिथे कुणीही नव्हतं, आणि घरातल्याच माणसाला मारावी तशी तिनं हळू हाक मारली, "हितू?"