दीड बोट पेट्रोल

मी एक जुनी कामटी आहे. कामटी म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली बोटभर रुंद पट्टी. मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता. सत्यशीलाबाई नकाशा उलगडून भोकरदन कुठे आणि आपलं पिंपळगाव रेणुकाई कुठे हे ज्या पट्टीने दाखवतात, ती मीच. मधल्या सुट्टीत तुमच्यातले काही जण माझं टोक नाकाशी धरून हुंगतात आणि 'मोटारीचा वास येतो' म्हणून दुसऱ्यांना बोलावतात, तेही मला ठाऊक आहे. वास येतो हे खरं आहे. तो का येतो ते आज सांगते. ऐकताना टोक तेवढं चावू नका.

माझा जन्म जालन्याच्या बुरुड आळीतला. मला चिरलं होतं टोपलीसाठी, पण मी निघाले जाड आणि हट्टी. वाकवायला गेलं की सुटून समोरच्याच्या तोंडावर बसायची. बुरुडाने दोन वेळा मार खाल्ला आणि मला कोपऱ्यात फेकून दिलं. तिथून मला उचललं भिवाने. भिवा म्हणजे आपल्या सत्यशीलाबाईंचे वडील. तेव्हा तो टेंभुर्णीच्या साहेबरावांच्या जीपवर ड्रायव्हर होता.

साहेबराव गावातले मोठे जमीनदार. त्यांनी ही जीप लष्कराच्या लिलावातून घेतली होती आणि ती टेंभुर्णी ते जालना अशी माणसं घेऊन धावायची. गाडी दणकट होती, पण पेट्रोल दाखवणारा काटा कधीच मेला होता. मरताना तो 'टाकी भरलेली आहे' या खुणेवर चिकटला आणि तिथेच राहिला. साहेबरावांना तो काटा फार आवडायचा. भिवाला मात्र त्याने दोनदा रस्त्यात दगा दिला होता, म्हणून भिवाने मला आणलं.

त्याने मला आपल्या हाताने मोजून कापलं. बरोबर दोन विती आणि चार बोटं. मग खालच्या टोकापासून दर दोन बोटांवर चाकूने एकेक खूण पाडली. अशा पाच खुणा. टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली होती. बैठक उचलायची, झाकण काढायचं, मला बुडापर्यंत सोडायचं आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. जालन्याला जाऊन यायला दोन खुणांना थोडं कमी पेट्रोल लागायचं. एवढं सोपं माझं काम, आणि ते मी कधी चुकवलं नाही.

पण त्या काळात मला कोण विचारणार? पेट्रोल स्वस्त होतं. चार दिवसांतून एकदा मला टाकीत बुडवायचे, बाकी वेळ मी बैठकीखाली पान्याशेजारी पडून असायची. भिवा माझ्याने पाठ खाजवायचा, चाकाला चिकटलेली काळी माती काढायचा. एकदा तर माझ्याने त्याने मडगार्डवर चढलेली शेळी हाकलली. मला राग यायचा, पण सांगणार कुणाला.

मग त्र्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि रेडिओवर बातमी आली. दूर कुठल्या तरी वाळवंटातल्या लोकांनी तेलाची तोटी आवळली होती आणि इकडे टेंभुर्णीत साहेबरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेट्रोलचा भाव असा चढला की पंपावरून परत आलेले साहेबराव त्या दिवशी जेवलेच नाहीत. रॉकेलचीही तीच गत झाली. रेशनच्या दुकानासमोर रिकाम्या बाटल्यांची रांग लागायची आणि बहुतेक बाटल्या रिकाम्याच घरी जायच्या.

साहेबरावांनी जीपसाठी नवे कायदे केले. उतार आला की इंजिन बंद. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं, म्हणजे गाडी हलकी होते. उगाच हॉर्न वाजवायचा नाही, कारण हॉर्नलाही पेट्रोल लागत असणार अशी त्यांना शंका होती. बिचारा भिवा टेंभुर्णी ते जालना रस्त्यातला प्रत्येक उतार पाठ करून बसला. कुठल्या बाभळीपाशी किल्ली फिरवली की गाडी कुठल्या पुलापर्यंत आपोआप जाते, हे तो डोळे मिटून सांगायचा. कांताबाई नावाच्या एक म्हातारबाई अंड्यांची टोपली घेऊन रोज जालन्याला जायच्या. त्या प्रत्येक चढाला खाली उतरत आणि टोपली डोक्यावर घेत म्हणत, "भाडं जीपचं घेऊन राह्यले अन् चालतो आमी. साहेबरावाला सांग भिवा, परत येताना माझं अर्धं भाडं माझ्या पायाला द्या म्हणावं."

आणि मित्रांनो, माझी मात्र बढती झाली. साहेबरावांनी मला जीपमधून काढून आपल्या घरी नेलं. माजघरात खुंटीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी मला जागा मिळाली. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते मला काखेत धरून अंगणात येत. भिवाने बैठक उचलून बाजूला उभं राहायचं आणि साहेबरावांनी स्वतः मला टाकीत सोडायचं. मापाची पट्टी ड्रायव्हरच्या हातात राहू नये, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला खाली सोडताना पूर्वी भिवा धूळ उडवायला जी फुंकर मारायचा, ती आता कुणी मारत नव्हतं, आणि मला ते जाणवायचं.

घरात मी कुणाला आवडत होते असंही नाही. साहेबरावांच्या पत्नी गिरिजाबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "देवापुढं उदबत्ती लावावी तर घरात सगळा मोटारीचा वास. उद्या देव बी म्हणंल, मला जालन्याला सोडा."

पौषातली गोष्ट. एका संध्याकाळी साहेबरावांनी मला टाकीत बुडवलं, तर ओल दीड खुणेपर्यंत आली. "उद्या जालन्यात भरावं लागणार," असं पुटपुटत त्यांनी मला खुंटीला अडकवलं. रात्रीत अवकाळी शिंतोडे पडले आणि अंगणातल्या पऱ्हाट्या भिजल्या. पहाटे गिरिजाबाई चूल पेटवायला बसल्या. काड्यांवर काड्या ओढल्या, फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण कापसाच्या त्या ओल्या काटक्या नुसता धूर काढत होत्या. रॉकेलची बाटली उपडी केली तर एक थेंब पडेना. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. पेट्रोल पिऊन पिऊन माझं खालचं टोक किती मुरलं होतं, ते त्यांच्या नाकाला चांगलंच ठाऊक होतं.

त्यांनी मला खाली काढलं, विळीवर धरलं आणि टोकाचा तुकडा कचकन तोडला. फार नाही, दीड बोट. पहिली खूण वाचली, पण आता ती अगदी बुडाशी येऊन बसली. तो तुकडा एका काडीत भडकला आणि चूल पेटली. गिरिजाबाईंनी माझ्याकडे प्रथमच मायेने पाहिलं आणि मला परत खुंटीवर ठेवलं. दुखलं म्हणाल तर फार नाही. पण खरं बोलणं हा माझा एकच गुण होता आणि तो चुलीत गेला होता, याचं मला फार वाईट वाटलं.

सकाळी साहेबरावांनी मला टाकीत सोडलं. बाहेर काढून पाहतात तर ओल सव्वादोन खुणांवर. त्यांनी डोळे चोळले. धोतराच्या सोग्याने मला पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा सव्वादोन. पेट्रोलचा भाव रोज चढत असताना त्यांच्या टाकीत रात्रीतून पेट्रोल वाढलं होतं. दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. साहेबरावांनी इकडे तिकडे पाहिलं, भिवाला काही दिसलं नाही ना याची खात्री केली आणि घरात जाऊन देवाला नारळ फोडला. गिरिजाबाईंनी नारळ कशाचा म्हणून विचारलं, तर "सहज" म्हणाले.

त्या दिवशी मोंढ्यात, म्हणजे जालन्याच्या धान्यबाजारात काम होतं म्हणून ते स्वतः जीपमध्ये बसले. मी त्यांच्या काखेत. जालन्यात काम आटोपलं आणि पंपासमोरून जाताना भिवाने गाडी हळू केली.

"मालक, चार लिटर टाकायचं का? मला टाकी हलकी लागून राह्यली."

"काही गरज न्हाई. सकाळी सव्वादोन खुणा बघितल्यात मी."

"एकदा कामटी सोडून बघू का मंग?"

"सारखं झाकण काढलं तर पेट्रोल उडून जातं. चल."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी बांबू, आणि धरलेली साहेबरावांच्या काखेत. तिथे बोलणं सोडा, श्वास घेणं कठीण होतं.

टेंभुर्णी दोन कोसांवर राहिली असताना, एका चढाच्या मध्यावर जीप दोन वेळा खोकली आणि थांबली. साहेबरावांनी मला टाकीत सोडलं. मी कोरडी ठाक वर आले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"भिवा, मी मोंढ्यात असताना गाडी कुठं उभी केल्ती?"

"मोंढ्याच्या दारातच की, मालक. तुमच्या नजरेसमोर."

"मंग पेट्रोल कुठं गेलं? सव्वादोन खुणा होत्या. कोणाला विकलंस?"

चढाला खाली उतरलेले उतारू भिवाकडे पाहू लागले. भिवाच्या हातात अजून बैठकीचं फळकूट होतं, ते त्याने हळूच खाली ठेवलं. बारा वर्षं त्याने ती गाडी चालवली होती. गावात त्याचं शेत नव्हतं, वाडा नव्हता. भिवाकडे चिठ्ठी द्या, पैसे द्या, पोरगी द्या, तो बराबर पोचवतो, असं लोक म्हणत. त्याची एवढीच कमाई होती आणि ती त्या चढावर धुळीत पडली.

"घरी गेल्यावर चावी दे," साहेबराव म्हणाले.

भिवाने मला त्यांच्या हातातून घेतलं. किती महिन्यांनी त्याचा हात लागला. त्याने माझ्यावर वीत ठेवली. एक. दुसरी. मग बोटं मोजली. दोन विती आणि अडीच बोटं. त्याने पुन्हा मोजलं, मग माझं टोक उजेडात धरलं. जुनं सगळं अंग काळं आणि टोक मात्र पांढरंफेक.

"मालक, ही तोडली कोणीतरी. दीड बोट कमी हे. म्हणून खुणा खाली सरकल्या."

"वीत काय, पसरली का वाढती अन् आवळली का कमी होती," साहेबराव म्हणाले. "मला शिकवू नको."

"शिकवत न्हाई. पण ही ऱ्हाती तुमच्या घरी, मालक."

वाद घरी जाऊनच मिटणार होता आणि घर दोन कोस दूर होतं. भिवा म्हणाला, हा चढ माथ्यापर्यंत ढकलला की पुढे पुलापर्यंत गाडी आपली आपण जाईल, मग एक लहान चढ, आणि तिथून थेट वेशीपर्यंत उतार. उतारांचा पाढा त्याला पाठच होता. प्रश्न एवढाच की ढकलायचं कुणी. स्टिअरिंगवर माहितगार माणूस हवा, आणि भिवाखेरीज गाडी कुणाला येत नव्हती.

असं झालं, मित्रांनो, की ज्याच्यावर चोरीचा आळ होता तो आत बसला आणि मालक उतारूंबरोबर मागून ढकलू लागले. पटका सुटला, धोतर मातीने भरलं, एक वहाण मागेच राहिली. कांताबाई टोपली सांभाळत शेजारून चालत होत्या.

"आज तुमचं बी भाडं पायालाच द्यावं लागणार, साहेबराव," त्या म्हणाल्या.

दिवस मावळायला जीप वेशीतून आवाज न करता गावात शिरली आणि साहेबरावांच्या अंगणात बरोबर दारासमोर थांबली. साहेबराव घामाने निथळत मला घेऊन घरात गेले. भिवा चावी हातात धरून अंगणात उभा राहिला. साहेबराव काही विचारणार, त्याआधीच गिरिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, ती कामटी आणली का परत? लई गुणाची हे. सकाळी एका काडीत चूल पेटली. उद्याला अजून दीड बोट लागंल मला."

साहेबराव तिथेच खाली बसले. बाहेर भिवाने सगळं ऐकलं होतं. त्याने चावी ओट्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबराव मला आणि चावीला घेऊन चालत निघाले. भिवाच्या वस्तीत ते पूर्वी कधी गेले नव्हते, म्हणून दोन घरं चुकले. सत्यशीलाबाई तेव्हा मॅट्रिकला होत्या आणि दारात पुस्तक घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबराव जरा थांबले, मग पाणी प्यायले.

"भिवा, माझं चुकलं," ते म्हणाले. "लोकांसमोर बोललो, तर लोकांसमोरच सांगतो. आज गाडी निघायच्या आधी सांगतो." मग त्यांनी चावी आणि मला पुढे केलं. "ही तुझ्याजवळच ठेव."

"खुणा नव्या पाडाव्या लागतील, मालक. तुमी बघता का?"

"पाड. मी बघणार न्हाई."

भिवाने माझ्या दुसऱ्या बाजूला नव्या खुणा पाडल्या. जुन्या खरवडून काढायला त्याने चाकू लावला, तेव्हा साहेबरावांनी त्याचा हात धरला. "राहू दे त्या," ते म्हणाले. "मला दिसत ऱ्हातील."

पुढे जीप विकली, भिवा म्हातारा झाला आणि बाईंना नोकरी लागल्यावर त्याने मला त्यांच्याबरोबर तुमच्या शाळेत पाठवलं. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्याने शेळ्या हाकला, हवं तर पाठ खाजवा, पण मला तोडू नका. आणि कुणाला चोर म्हणावंसं वाटलं, तर आधी आपल्या हातातल्या पट्टीवर वीत ठेवून पाहा. मला उलटी करून बघा. त्या चुकीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत.