राहिलेली अठ्ठावीस मिनिटं

माझा नवरा क्लाइव्ह, थॉर्नली टाउन फुटबॉल क्लबकडून मधल्या फळीत तीनशे नव्व्याण्णव सामने खेळला. आमच्या क्लबात चारशे भरले की ड्रेसिंग रूमबाहेरच्या लाकडी फळ्यावर नाव रंगवतात. एक सामना कमी! तोही झाला होता हो. पण बासष्टाव्या मिनिटाला क्लाइव्हची नडगी मोडली, स्ट्रेचर येईपर्यंत असं धुकं उतरलं की रेफरीला स्वतःचे बूट दिसेनात. सामना तिथंच सोडला, आणि अर्धवट सामना मोजत नाहीत. पायाबरोबर क्लाइव्हचं खेळणंही संपलं.

तो कुरकुरणारा नाही. मळ्यातला कांदा-बटाटा, रविवारचं भाजलेलं मटण, की स्वारी खूश. पण यंदा जुनं मैदान मोडायचं ठरलं, फळ्यावर शेवटची नावं रंगवणार असं कळलं, आणि हा बाबा दोन दिवस धड जेवला नाही. माझं डोकंच फिरलं. गेले तडक सिरिलकडे. क्लबच्या नोंदी तो ठेवतो.

"सिरिल, एका आकड्यानं तुझं काय जातंय रे?"

"नियम म्हणजे नियम, ब्रेंडा. पुरा झाला असता तर मोजला असता."

"मग पुरा करू की!"

त्यानं चष्मा पुसून नियमांची वही काढली. "त्या दिवशी खेळलेले दोन्ही संघांचे सात-सात जण तरी हवेत," म्हणाला.

आमचे नऊ जमले, पाहुण्या संघाचे सहाच. उरला नेव्हिल टॅटर्सॉल. ज्यानं नडगी मोडली, तोच! चाळीस वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली मी, आणि फोनही मलाच करावा लागला.

"येतो," तो म्हणाला. "पण माझे दोन्ही गुडघे बदललेत."

"नुसता उभा राहा रे बाबा."

शनिवारी दुपारी राहिलेली अठ्ठावीस मिनिटं बघायला सगळं गाव लोटलं. सोळा म्हातारे धापा टाकत चालत होते आणि लोक चहा-पॅटिस हातात धरून ओरडत होते, "क्लाइव्ह, बस बोलावू का?" शेवटच्या मिनिटाला चेंडू नेमका क्लाइव्ह आणि नेव्हिलच्या मधे आला. नेव्हिलनं पाय मागे घेतला.

क्लाइव्ह भडकला. "दया नको मला! नीट खेळ, नाहीतर हा सामना कसला?"

नेव्हिलनं मग चेंडू असा काढून घेतला की आमचे साहेब चिखलात बसले. शिट्टी झाली. सिरिलनं वहीत चारशे लिहिलं. क्लाइव्ह चिखलात पाय पसरून लहान पोरासारखा हसत होता.

मी कठड्यावरून उतरून धावत सुटले. नेव्हिलला वाटलं, आता ही मुस्काटात देणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच्याच गळ्यात पडून मी ढसाढसा रडले.