पिशव्यांपाशी कोण बसणार

आमच्या घरात सहल निघाली की आधी गाडी ठरते, मग डबे ठरतात. पिशव्यांपाशी कोण बसणार हे ठरवावं लागत नाही. ती मी. समुद्रावर गेलो तेव्हा सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं माझ्या ताब्यात होती, आणि समुद्र कसा होता ते घरी आल्यावर वहिनीने सांगितलं. त्यातून माझी नोकरीही बसस्थानकाच्या सामानघरात. लोकांच्या बॅगा घ्यायच्या, पितळी बिल्ला द्यायचा, बिल्ला परत आला की बॅग द्यायची. "आमची बेबी जन्मजात सामानवाली," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. लोक हसतात, मीही हसते. साठीला टेकले तरी मी बेबीच आहे.

या महिनाअखेरीला मी निवृत्त होणार, म्हणून दादाने डोंगराची सहल काढली. रोपवेने थेट शिखरावर जायचं. गाडी जावईबापू चालवत होते, शेजारी दादा, मागे वहिनी, माझी पुतणी आणि मी. पुतणीला सातवा महिना. थर्मास अर्थातच माझ्या मांडीवर. घाट लागला तसा दादाने मान मागे वळवून माझं पुढचं आयुष्य सांगून टाकलं.

"आता ती खोली सोडायची, बेबी. आमच्याकडे यायचं. वरची खोली रिकामीच आहे. हिचं बाळंतपण, मग बाळ, घरचं माणूस हवंच ना. तुझ्या घरमालकाला मी उद्या फोन करून सांगतो."

"तुलाही एकटीला घर खायला उठणार नाही," वहिनी म्हणाली.

पुतणीने माझा हात धरला. "आत्या, तू असलीस की मला कसलीच काळजी नाही."

मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात माझ्या बघूचा अर्थ हो असा धरतात. त्यात त्यांची चूक नाही, आजवर तो तसाच निघालेला आहे.

पण मला खोली सोडायची नव्हती. तशी आहे तरी काय ती? एक पलंग, एक खुर्ची, शेगडी आणि गल्लीकडची खिडकी. दिवसभर दुसऱ्यांचं सामान राखून मी संध्याकाळी आत जाते, कडी लावते, आणि तिथे डोळ्यांत तेल घालून जपावं असं काहीही नसतं. खुर्चीवर शाल टाकली तर ती सकाळपर्यंत तिथेच. दादाला वाटतं, मी भिंतींशी बोलत बसते. कधी कधी बोलतेही. पण भिंती मला कामं सांगत नाहीत.

रोपवेच्या खालच्या स्थानकावर पाटी होती. खाण्याचे डबे आणि पिशव्या पाळण्यात नेऊ नयेत. सगळ्यांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात जावईबापू तिकिटं घेऊन आले.

"पाच कशाला काढली?" दादा म्हणाला. "बेबी खाली थांबते ना."

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, घरची रीत त्यांच्या अजून अंगवळणी पडली नव्हती. "मी माणसं मोजली," ते ओशाळून म्हणाले. पाळणा आला, मागचे लोक रेटायला लागले, आणि गडबडीत पाचवं तिकीट त्यांनी माझ्याच हातात दिलं. "परत घेतात का बघ," दादा आतून म्हणाला. दार लागलं आणि चौघं हात हलवत वर गेली.

मी बाकावर बसले. मला राग आला होता, आणि दादापेक्षा स्वतःचाच जास्त आला होता. मला वर जायचं होतं. समुद्रातही पाय बुडवायचे होते, पण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आताही मुकाट्याने बसून राहिले असते, तर उद्या तो फोन गेला असता, खोलीही गेली असती, आणि कुणाचं काही चुकलं असंही झालं नसतं.

तिकीट खिडकीला लागूनच सामानघर होतं. ते मला दिसलं नव्हतं असं नाही. पण मी असताना दुसरं सामानघर कशाला, असं मलाही वाटत होतंच.

आतली बाई माझ्याच वयाची, विणकाम करत बसलेली. मी सगळ्या पिशव्या पुढे ठेवल्या तशी विणकाम ठेवून तिने चिठ्ठी पिशवीच्या चेनला बांधायला घेतली.

"चेनला नको, मुठीला बांधा," मी म्हटलं. "चेनचा भरवसा नसतो."

"याच कामातल्या का?"

"महिनाअखेरपर्यंत."

"यातली तुमची कुठली?"

मला क्षणभर शोधावी लागली. "ती लहान, निळी. तीही ठेवा."

तिने बिल्ला पुढे सरकवला. "हरवू नका हं. बिल्ल्याशिवाय सामान मिळत नाही." हे वाक्य मी इतकी वर्षं लोकांना ऐकवत आले. मला कुणी ऐकवण्याची ही पहिलीच वेळ.

पाळण्यात मी एकटीच होते. जमीन सुटली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, कारण धरायला काहीच नव्हतं. झाडांचे शेंडे पायांखालून मागे जात होते.

वर वारा होता. आलो तो घाट, धरण, गावांची छपरं, मग डोंगर, त्यामागे आणखी डोंगर. मला रडू आलं. हे सगळं इथेच होतं आणि मी नव्हते, याचं रडू आलं.

दादा कठड्यापासून चार हात लांब उभा होता. उंचीची त्याला भीती वाटते, पण ते तो कबूल करत नाही. मला बघताच म्हणाला, "बेबी? आणि पिशव्या?"

"सामानघरात."

"परक्या माणसाच्या हवाली?"

"मीही लोकांना परकीच, तरी ठेवतातच की माझ्याकडे. आणि दादा, उद्या घरमालकाला फोन करू नकोस. मी खोली सोडणार नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. खरंच ठाऊक होतं.

पुतणीचे डोळे भरले. "मग बाळाचं काय, आत्या?"

हिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. बघू हा शब्द अगदी जिभेवर आला होता, तो गिळला. "येईन की. न्हाऊ घालीन, फिरवून आणीन. पण दिवस मावळला की माझ्या घरी जाईन."

ती दरीकडे तोंड करून उभी राहिली. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. जावईबापू जरा सरकले. "आत्या, इथून धरण नीट दिसतं," म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पोटभर धरण बघितलं.

निघताना मी बिल्ला दादाच्या हातात दिला. "हरवू नकोस."

खाली उतरल्यावर तो सामानघरातून बाहेर आला तेव्हा गळ्यात थर्मास, काखेत चटई, दोन्ही हातांत पिशव्या. थोडा वाकलाच होता.

"एवढ्या होत्या?" तो म्हणाला.

"एवढ्याच असतात."

त्याच्या बोटांत अडकलेली लहान निळी पिशवी मी सोडवून घेतली. "ही माझी," म्हटलं, आणि गाडीकडे चालू लागले.