शेवटच्या स्टँडवरची पानं

शेवटची खूण पुसून झाल्यावर इंजीने पानांवरचा रबराचा भुगा फुंकला, गठ्ठा सरळ केला आणि वेष्टन उलटून पाहिलं. वेष्टनावर बर्लिनच्या प्रकाशकाचा शिक्का नव्हता. कैरोच्या, त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाचा होता.

भाड्याने मागवलेल्या स्वरलिपी परत पाठवायच्या, तर वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आधी पुसाव्या लागतात. वाद्यवृंदाच्या दफ्तरखान्यात केस पांढरे झालेल्या इंजीचे हात त्या कामाला इतके सरावलेले, की लक्ष नसलं तरी चालत राहायचे. आज दोन गठ्ठे शेजारी पडले होते आणि तिने भलताच ओढला. भलता म्हणजे साऱ्या दफ्तरखान्याचा जीव. उस्ताद ओनिक यांच्या खुणांची सिंफनी.

ओनिक तेर्झियन पहिल्या खुर्चीवर असायचे तेव्हा पहिल्या व्हायोलिनांचे सगळे गज एकाच खांद्यातून निघाल्यासारखे वर जायचे आणि खाली यायचे. कुठे गज वर ओढायचा, कुठे खाली, हे ते ठरवायचे आणि त्यांच्या पानावरून मागचा प्रत्येक स्टँड, म्हणजे एका पानावरून वाजवणारी जोडी, ते उतरवून घ्यायचा. असा माणूस या शहराला पुन्हा मिळायचा नाही, हे इंजीचं ठाम मत, आणि कुणी विचारो न विचारो, ती ते ऐकवायची. हाताला कंप सुटला तेव्हा त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं. आता त्यांच्या सन्मानाच्या मैफलीत तीच सिंफनी त्यांच्याच खुणांनी वाजायची होती. तालीम आज दुपारी, आणि ते स्वतः यायचे होते.

मागच्या स्टँडांची पानंही तिने धुऊन काढल्यासारखी कोरी केली होती. फक्त शेवटच्या स्टँडची प्रत गठ्ठ्यात नव्हती. ती तिथे बसणाऱ्या लबीबकडे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"उस्ताद लबीब, सिंफनीची पानं तुमच्या घरी आहेत ना?" तिने फोनवर विचारलं.

"माझ्या? छे, केव्हाच परत केली."

"तुम्ही आजवर एक कागद परत केला असेल तर शपथ. आज भांडायला फोन नाही केला. हात जोडते, घेऊन या."

लबीब भाकरीच्या पिशवीतून पानं घेऊन आला. कॉफीचे डाग होतेच. "खुणा सगळ्या आहेत," तो म्हणाला, "पण उस्तादांना दाखवू नकोस. मी माझ्यापुरतं बरंच खरडलंय."

इंजीने पानं उघडली. गजाच्या खुणा होत्याच, शिवाय कडेने लबीबचं बारीक अक्षर. 'ओनिकच्या कोपराकडे बघ.' 'इथे तो श्वास घेतो, आपणही घ्यायचा.' 'इथे जरा हळू. तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही.' तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पहिल्या स्टँडवर नुसत्या खुणा होत्या. इथे ओनिक नावाचा माणूस होता.

तिने पेन्सिलीला टोक काढून उतरवायला घेतलं. एक पान होतं न होतं, तोच उस्ताद ओनिक दारात.

"माझी पानं बघू दे."

थाप मारता आली असती. तिला ती सुचलीही. "उस्ताद, मी पुसली," ती म्हणाली. "भाड्याची समजून, माझ्याच हातांनी."

ओनिक खुर्चीवर टेकले. कोऱ्या पानावरून त्यांनी थरथरता तळवा फिरवला. "मी या वाद्यवृंदात आलो तेव्हा अशीच होती," ते म्हणाले. मग त्यांना दुसरी प्रत दिसली. ती ओढून ते एकेक पान उलटू लागले. कडेचं वाचून मधूनच हसायचे. एका पानावर मात्र लबीबने पंजाच ठेवला.

"तेवढं नको. आधी चहा घ्या."

"लबीब, हात काढ."

"उस्ताद, जाऊ द्या ना."

"उभा जन्म माझ्या पाठीमागे बसलास. आता तोंडासमोर लपवतोस?"

लबीबने हात काढला. तिथे लिहिलं होतं: 'इथे ओनिक घाई करतो. कुणी मागे राहायचं नाही. सगळ्यांनी त्याच्याबरोबर निघायचं.'

ओनिकनी ते दोनदा वाचलं. "दर वेळी करायचो?"

"दर वेळी."

"आणि सगळे निघायचे?"

"सगळे. ठरलेलंच होतं. चेलोवाल्यांनाही सांगून ठेवलं होतं."

"मला वाटायचं, याच जागी आपण सगळ्यात छान एकत्र असतो."

"असायचोच की," लबीब म्हणाला. "तिथे सगळे तुमच्याकडेच बघत असायचो."

इंजीला राहवलं नाही. "ही ओळ मी गाळते, उस्ताद. कुणाला कळायचं नाही."

"आधी तीच उतरव," ओनिक म्हणाले. "माझ्या पानावर."

ती लिहायला वाकली. ओनिकनी लबीबचा हात हातात घेतला होता आणि त्यांचा स्वतःचा थरथरत होता. लबीबने तो दाबून धरला नाही. आपला हात त्याच्याबरोबर हलू दिला.