दारापलीकडचं बोलणं

छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली, आणि ती सवय घरी आली ती कायमची. कुणी 'माझी मदत करा' म्हणालं की यांच्या कपाळाला आठी. "'माझी मदत करा' नव्हे, 'मला मदत करा' असं म्हणायचं." पाहुणा असो की व्याही, सोडायचे म्हणून नाहीत. शेजारी मागून त्यांना 'लाल पेन' म्हणत, आणि यांना त्याचं भूषणच वाटे. बायको तेवढी म्हणायची, "अहो, माणसं गप्पा मारायला येतात, तपासून घ्यायला नाही."

मग तिला अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवसांनी वाचा परतली, पण शब्द भलतेच. पाणी हवं असलं की चमचा मागायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चुकलं तरी बोलू द्या. चुका काढू नका." यांनी मान डोलावली. पण जित्याची खोड! "तो खिडकी लाव," ती म्हणाली की यांच्या तोंडून निघालंच, "तो खिडकी नव्हे, ती खिडकी." दिवसातून दहादा. आठवडाभरात तिने यांच्याशी बोलणंच टाकलं. सुनेशी मात्र तोडकंमोडकं बोलायची, हसायचीसुद्धा. हे दारात आले की तोंडाला कुलूप.

म्हातारा आतून खचला. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि आता 'जेवलात का' एवढंही नाही. शेवटी त्यांना युक्ती सुचली. आपणच चुकायचं, म्हणजे तिला लाज वाटणार नाही. ते खाटेशी बसले आणि धीर करून म्हणाले, "तो खिडकी उघडू का गं?"

सून जवळच औषध मोजत होती, ती थबकली. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, चिडवत नाही मी. तुझी शपथ."

पण तिने विश्वास ठेवावा तरी कसा? दुसऱ्याची चूक आधी जशीच्या तशी म्हणून दाखवायची आणि मग सुधारायची, ही यांची जन्माची रीत. ती आता पुढच्या वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही, तरी तिने धड हात उचलून दाराकडे दाखवला आणि सुनेला म्हणाली, "यांना... बाहेर."

"बाबा, थोडा वेळ बाहेर बसा," सून हळूच म्हणाली.

ते बाहेर येऊन बसले. आत ती सुनेला काहीतरी सांगू लागली, अडखळत, चुकत, पण भरभरून. यांना रडू फुटलं. ते ऐकून ती पुन्हा गप्प होईल, या भीतीने त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.