सुंदराबाई बाजारात जातात

घोडपदेवची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाल्या त्या सुंदराबाई. उभं आयुष्य हंडे उचलण्यात नि जिने चढण्यात गेलेलं. आता नळ घरात, संडास घरात, खिडकीतून रे रोडच्या पलीकडची बोटींची दिवेलागण.

"आये, आता तू फक्त बसायचं," असं त्यांचा मुलगा विकास म्हणाला आणि शब्दाला जागला. धुण्याभांड्याला बाई लावली. भाजी मोबाइलवरून दारात यायला लागली. सून प्रिती तर त्यांना पाण्याचा पेलाही उचलू देईना.

बसून बसून सुंदराबाईंचं भलतंच व्हायला लागलं. चहात मीठ पडलं. नात मनालीला त्या आपल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. एका पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना म्हणताना त्या मधेच अडल्या. लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द, पण पुढचं काही आठवेचना. बाकीच्या बायकांनी सांभाळून घेतलं. सुंदराबाई मात्र घरी येऊन खूप रडल्या.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "मोठा आजार काही दिसत नाही," ते विकासला म्हणाले. "वयाने थोडं विसरायला होणारच. पण यांना बसवून ठेवू नका. घरातलं हलकं काम करू द्या, फिरू द्या, चार माणसांत मिसळू द्या. त्याने डोकंही ताजं राहायला मदत होते."

विकासने त्यातलं 'फिरू द्या' तेवढं ऐकलं आणि ट्रेडमिल घेऊन आला. बाहेर रस्ते खोदलेले, फुटपाथवर बाइक लावलेल्या. आई कुठे धडपडली तर? सुंदराबाई बिचकत मशीनवर उभ्या राहिल्या. पट्टा सरकायला लागला तशी त्यांनी दांडी घट्ट धरली.

"अरे बंद कर, बंद कर! पायाखालची जमीन पळतेय!"

"होईल सवय," विकास म्हणाला आणि ऑफिसला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो घराबाहेर पडला की मशीनवर गोधडी वाळायला लागली.

मग एका सकाळी सुंदराबाईंना मांदेली खावीशी वाटली. मोबाइलवरची मासळी साफ होऊन पाकिटातून यायची, तिला ना वास ना चव. घरात कुणी नव्हतं. त्यांनी कापडी पिशवी घेतली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

नाक्यावर मनू कोळीण तिच्या जुन्या जागीच बसली होती.

"सुंदराबाई! अगं, मला वाटलं गावाला गेलीस कायमची!"

"गावाला कसली? चौदाव्या माळ्यावर बसवलंय मला," सुंदराबाई उकिडव्या बसत म्हणाल्या. "आणि हा काय वाटा म्हणायचा? वर मांदेली, खाली नुसता बर्फ!"

"आल्या आल्या भांडायला लागलीस?"

"मग! तुझ्याशी नाही भांडायचं तर कोणाशी?"

दोघी मनसोक्त भांडल्या. घरी आल्यावर सुंदराबाईंनी ओट्याशी उभं राहून मासळी साफ केली, पाट्यावर मसाला वाटला. पाय दुखत होते, पण डोक्यातला धूर कुणीतरी खिडकी उघडून बाहेर घालवावा तसं वाटत होतं. संध्याकाळी विकासने बोटं चाटत विचारलं, "कुठून मागवलीस?"

"आली दारात," त्या म्हणाल्या.

त्यानंतर घर रिकामं झालं की सुंदराबाई बाहेर पडायच्या. भाजी निवडून घ्यायच्या, ओळखीची माणसं भेटली की सगळ्यांची चौकशी करायच्या, येताना विहारात झाडू मारायच्या. एकदा कॉलेजमधून लवकर सुटलेली मनाली त्यांना नाक्यावरच भेटली.

"आजी! तू इकडे?"

"बापाला सांगू नकोस हां," सुंदराबाईंनी तिच्या हातात भाजलेलं कणीस कोंबलं.

मनाली गप्प राहिली, कारण आजी आता तिला मनालीच म्हणत होती. पुढच्या पौर्णिमेला सुंदराबाईंनी वंदना न अडखळता म्हटली. विकास ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला, "ट्रेडमिल घ्या राव. माझी आई बघा!"

आणि मग मशीनची सर्व्हिसिंग करायला माणूस आला. त्याने झाकण उघडलं, पट्ट्यावर बोट फिरवलं.

"साहेब, ही तर चालवलीच नाही कुणी. पट्टा कोरा आहे."

विकासने आईकडे पाहिलं. मनाली फसकन हसली आणि सगळं बाहेर आलं.

"अगं, पडली असतीस म्हणजे?" विकासचा आवाज चढला. "मला न सांगता रोज?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?" सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "तू माझ्या सुखासाठीच केलंस रे सगळं. पण मला काहीच करायला उरलं नाही, तेव्हा मीही उरले नाही बघ."

प्रितीने डोळे पुसले. विकासने मशीनची वायर गुंडाळून ठेवली. शेवटी म्हणाला, "रविवारी मी येतो तुझ्याबरोबर."

रविवारी पिशवी त्याच्या हातात होती. दर चार पावलांवर कुणीतरी "जय भीम, सुंदराबाई" म्हणत होतं. याच वस्तीत वाढलेल्या विकासला निम्मी माणसं ओळखता येत नव्हती. मनूने त्याला न्याहाळलं आणि पोरगा फारच सुटलाय, असं तोंडावर सांगितलं. परतीच्या चढावर त्याला धाप लागली आणि आई कडेला थांबून हसायला लागली.

तेवढ्यात समोरून एक बाई आली, सुंदराबाईंचा हात हातात घेऊन बोलली आणि गेली.

"कोण गं ही?" विकासने विचारलं.

"आपल्या चाळीतली. खालच्या माळ्यावरची. तिचं नाव..." सुंदराबाई थांबल्या. विकासचा चेहरा पडला. त्याने खिशातला मोबाइल काढला, मनालीला विचारावं म्हणून.

"ठेव तो. कुणाला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "चल तू. चालता चालता येईल."

दोघं चालत राहिले. पानाची टपरी गेली, विहार गेलं. सुंदराबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. टॉवरचं गेट आलं आणि त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वॉचमन खुर्चीतून उठला.

"सुमेधा! सुमेधा रे!"